खांदेरीचा दिवा लोकांना पाहू द्या

प्रति,
मा. महासंचालक,
दीपस्तंभ व दीपपोत महासंचालनालय,
दीप भवन, सेक्टर २४, नोएडा



देशाच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या दीपगृहांचा कारभार नोएडातून चालतो, हे दिल्लीत राहणाऱ्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असेल. मी नोएडात राहते आणि माझे माहेर अलिबागजवळचे थळ. त्यामुळे आपल्या दीप भवनावरून जाताना ती पाटी वाचल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाही. हे पत्र मी टपालात टाकण्याऐवजी सर्वांसमोर लिहिते आहे, कारण ते आपल्याइतकेच माझ्या इथल्या आणि तिकडच्या माणसांनीही वाचावे अशी इच्छा आहे. विषय एकच आहे, खांदेरी बेटावरचे दीपगृह. सरकारदफ्तरी आता त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. आम्ही थळकर मात्र खांदेरीच म्हणतो, तेव्हा इथेही तेच नाव वापरते. तिथे १८६७ पासून दिवा लागतो. ते बेट, तो किल्ला आणि तो दिवा साध्या माणसाला नीट जाऊन, नीट उतरून, समजून घेऊन पाहता यावा, एवढेच माझे मागणे आहे.

ज्यांनी खांदेरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर दोन बेटे दिसतात. जवळची उंदेरी आणि तिच्यापलीकडे खोल पाण्यात खांदेरी. खांदेरीवर दोन टेकड्या आहेत. दक्षिणेकडची उंच, आणि तिच्यावरच दीपगृहाचा अष्टकोनी मनोरा. दोन टेकड्यांच्या मधल्या सखल जागेत होड्या लागतात. बेटाला काळ्या दगडाचा तट आहे आणि तटाच्या बाहेर पाण्यात मोठमोठे धोंडे पसरलेले आहेत. त्या धोंड्यांवर कालवे धरलेली असतात. त्यांची धार अशी की अनवाणी पाय ठेवला तर रक्त निघालेच पाहिजे. लाटा फोडायला आणि शत्रूचे पाय अडवायला एकच उपाय, तोही समुद्रानेच पुरवलेला. बेटावर वेताळाचे ठाणे आहे, आणि आमच्या भागातले कोळी नवस फेडायला तिथे जातात.

आता इतिहास. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना माणसे आणि थोड्या तोफा देऊन खांदेरीवर पाठवले आणि तट बांधायला सुरुवात झाली. मुंबईतले इंग्रज हादरले. त्यांच्या बंदरात जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जहाजावर या बेटावरून नजर राहणार होती. त्यांनी 'रिव्हेंज' ही लढाऊ नाव आणि बरोबर लहान गलबते देऊन बेटाची नाकेबंदी केली. ऑक्टोबरात दौलतखानाच्या हाताखालचे मराठा आरमार नागावच्या बाजूने त्यांच्यावर चालून गेले आणि इंग्रजांची 'डव्ह' मराठ्यांच्या हाती लागली. पण मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटते ती रसद. इंग्रजांच्या जहाजांना खोल पाणी लागे. मराठ्यांच्या होड्या उथळ पाण्यातून, रात्रीच्या काळोखात, वल्ह्यांवर निघत आणि धान्य, दारूगोळा, बांधकामाचे सामान बेटावर उतरवून पहाटेच्या आत परतत. वाऱ्याची वाट पाहणारी मोठी जहाजे नुसती पाहत राहत. १६८० उजाडल्यावर इंग्रजांना वेढा उठवून तह करावा लागला. पुढे १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर आरमार नेले, तेही कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी परतवले.

मग इंग्रजी अंमल आला, आणि ज्या बेटाची त्यांनी इतकी धास्ती घेतली होती त्याच बेटावर त्यांनी दिवा लावला. १८६७ सालची मुंबई कापसाच्या व्यापाराने मोठी झालेली होती. दोन वर्षांनी सुएझ कालवा खुला होणार होता आणि युरोपची वाट बरीच जवळ येणार होती. बंदराच्या दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजांना खडक कुठे आणि वाट कुठे हे रात्री कळणे भाग होते. कुलाब्याच्या टोकाचे प्रॉंग्स दीपगृह त्यानंतर, १८७५ साली आले.

किल्ल्यांवर प्रेम करणाऱ्या आमच्यातल्या काही जणांना खांदेरीवरचे दीपगृह खटकते, हे मला माहीत आहे. महाराजांच्या किल्ल्यात परक्यांनी उभारलेली इमारत, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. १६७९ साली मायनाक भंडारींना ही टेकडी ज्या कारणासाठी हवी होती, त्याच कारणासाठी १८६७ साली दिव्याला ती लागली. इथून मुंबईच्या तोंडाशी येणारे प्रत्येक जहाज दिसते, आणि प्रत्येक जहाजाला ही टेकडी दिसते. दीपगृहाच्या पायाशी उभे राहून उत्तरेकडे पाहिले की महाराजांनी बेट का निवडले ते एका क्षणात समजते. एरवी ते समजावून सांगायला नकाशा पुढे घेऊन अर्धा तास बोलावे लागते. म्हणून दिवा आणि किल्ला वेगळे काढू नयेत. दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात.

ही गोष्ट आज लिहिण्याचे कारणही मोठे आहे. जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. साल्हेर, शिवनेरी, रायगड, राजगड, तिकडे तमिळनाडूतला जिंजी, आणि त्यांच्या रांगेत आमची खांदेरी. त्या बातमीने दिल्लीतल्या मराठी घरांत पेढे वाटले गेले. पण रायगडावर जायला रोपवे आहे, शिवनेरीला पायऱ्या आहेत, सिंधुदुर्गाला मालवणहून होड्या सुटतात. खांदेरीला जायचे तर आधी कोणाची तरी ओळख लागते.

मी गेले तेव्हा आम्ही थळच्या एका ओळखीच्या तांडेलाची होडी ठरवली होती. बरोबर दिल्लीहून आलेल्या माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या, वय साठीच्या पुढचे, समुद्र आयुष्यात फारसा न पाहिलेला. जाताना पाणी शांत होते. बेटाजवळ आल्यावर मात्र होडी वर जाई तेव्हा धक्का कमरेला लागे, आणि खाली आली की डोक्यावर. तांडेल म्हणाला, "वयनी, होडी वर येल तवा पाय टाका. आदी नको, मागून नको." एका खलाशाने वरून हात दिला, दुसऱ्याने खालून खांदा लावला, आणि जाऊबाई वर आल्या. शेवाळलेल्या दगडावर त्या तशाच बसल्या, दोन्ही हात दगडाला घट्ट धरून. पाच मिनिटे त्या काही बोलल्याच नाहीत. परत जाताना हेच उलटे करायचे आहे या विचाराने त्यांनी बेट अर्धेच पाहिले. खलाशी कसबी होते, जिवाला जीव देणारे होते, म्हणून निभावले. पण जागतिक वारसा पाहायला येणाऱ्या प्रत्येक आजीची भिस्त दोन खलाशांच्या खांद्यावर असावी का?

जे पाहिले ते मात्र विसरता येणार नाही. चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या तोफा अजून तिथे आहेत. आपल्याकडे बहुतेक किल्ल्यांवर तोफ मातीत लोळत असते. इथे ती कशी वळवत असतील याचा अंदाज गाडा पाहूनच येतो. आणि एक मोठा दगड आहे, त्यावर लहान दगडाने ठोकले की धातूच्या भांड्यावर ठोकल्यासारखा आवाज निघतो. ज्या जागी वर्षानुवर्षे माणसांनी ठोकले तिथे दगडाला वाट्या पडल्या आहेत. आमच्याबरोबर आलेली माझी भाची त्याला कान लावून बसली होती. एवढ्या दगडाचा आवाज असा का, हे सांगणारा एखादा भूगर्भशास्त्राचा अभ्यासक तिथे नेला तर शाळेची सहल एका दिवसात जेवढे शिकेल तेवढे वर्षभरात वर्गात शिकणार नाही.

आणि दीपगृह! मुलांना दीपगृह म्हणजे वर लावलेला मोठा बल्ब वाटतो. त्यांना सांगायला हवे की दिव्यापेक्षा भिंग महत्त्वाचे. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरने जाड, जड काचेऐवजी काचेची एकावर एक वर्तुळे आणि त्रिकोणी लोलक असे रचले की दिव्याचा सगळीकडे पांगणारा उजेड एका आडव्या झोतात गोळा व्हावा आणि दूर समुद्रात पोहोचावा. असे जड भिंग अडखळत फिरू नये म्हणून पुढे ते पाऱ्याने भरलेल्या गोल हौदात तरंगत ठेवू लागले. मणांचे काचकाम, पण बोटाने ढकलले तरी फिरते. वीज येण्याआधी ते वजन आणि दातेरी चाकांच्या यंत्राने फिरे, आणि वजन खाली आले की रात्रीतून पुन्हा पुन्हा किल्ली देऊन ते वर चढवायला माणूस जागा असे. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढतात, कारण जे भिंग आतला उजेड बाहेर गोळा करून फेकते तेच बाहेरचे ऊन आत गोळा करते आणि आतल्या सामानाला जाळू शकते. आपल्या खात्यातल्या माणसांना हे सगळे तळहातासारखे माहीत आहे. आमच्या मुलांना ते कोणी सांगत नाही.

आता उपग्रहावरून जहाजाला आपली जागा कळते, मग दिव्याचे काय काम, असे दिल्लीत मला कोणीही विचारते. त्यांना मी थळच्या होड्यांबद्दल सांगते. मोठ्या जहाजावर तीन-तीन यंत्रे असतात. रात्री मासेमारीहून परतणाऱ्या लहान होडीत एक मोबाईल असतो, आणि तो भिजतो. खांदेरीचा दिवा डावीकडे की उजवीकडे, यावर आमच्याकडची माणसे घर गाठत आली आहेत. तेव्हा दिवा चालू ठेवून बेट लोकांना दाखवायचे आहे. दिवा बंद करून त्याचा शोभेचा खांब करणे हा मार्ग नव्हे.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९२७ चा जुना दीपगृह कायदा जाऊन २०२१ चा नवा सागरी नौवहन साहाय्य कायदा आला, आणि त्यात वारसा दीपगृहाची तरतूद आहे. जहाजांना वाट दाखवण्याचे काम चालू ठेवून दीपगृह शिक्षण, संस्कृती आणि पर्यटनासाठी विकसित करता येते, असे कायदाच म्हणतो. आपल्या खात्याने या दिशेने पावले टाकलेलीही आहेत. २०२३ साली गोव्यात आग्वादला पहिला दीपगृह महोत्सव झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधांचे लोकार्पण झाले. महाबलीपुरमला जागतिक वारशाच्या शेजारी दीपगृह चढून समुद्र पाहता येतो. मग खांदेरीला का जमू नये?

परदेशातले एक उदाहरण सांगते. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिरोंद खाडीच्या मुखाशी, भर समुद्रात कोर्दुआं नावाचे दीपगृह आहे. फ्रेनेलने आपले भिंग १८२३ साली प्रथम लावले ते तिथेच. २०२१ साली युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतले. तिथे भरती-ओहोटी पाहून होड्या सुटतात, दीपगृहाचे रखवालदार आजही तिथे मुक्कामाला असतात आणि आलेल्यांना सगळे दाखवतात. अडचणी खांदेरीपेक्षा कमी नाहीत. तिथल्या लोकांनी भरतीचे वेळापत्रकच सहलीचे वेळापत्रक केले.

खांदेरीच्या बाबतीत एक गुंता आहे तो मला कळतो. तट आणि बुरूज राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली, दिवा आणि जहाजांचा मार्ग दुसऱ्याच्या अखत्यारीत, समुद्रातली प्रवासी वाहतूक आणखी कोणाकडे. अशा ठिकाणी प्रत्येक जण दुसऱ्याच्या सहीची वाट पाहतो आणि मधल्या मध्ये बेट तसेच राहते. म्हणून हे पत्र मी आपल्याला लिहिते आहे. या सगळ्यांत बेटावर रोज रात्री ज्याचे काम चालते तो दिवाच आहे. पुढाकार दिव्यावाल्यांनी घ्यावा, बाकीचे येतील.

आणि एक कळकळीची विनंती. बेटावर हॉटेल नको. खांदेरीवर रिसॉर्ट उभारण्याच्या योजना मागे वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत. त्या वेळी बेट जागतिक वारशात नव्हते, आता आहे. रात्रीचे दिवे, गाणी, जेवणावळी आणि त्यांचा कचरा हे त्या एवढ्याशा जागेला झेपणारे नाही. शिवाय दीपगृहाच्या शेजारी दुसरे झगझगीत दिवे लागले तर समुद्रातल्या माणसाने कोणाकडे पाहून होडी हाकायची? सकाळी जावे, बेट पाहावे, दीपगृह चढावे, वेताळाला हात जोडावे आणि ऊन उतरायच्या आत परत यावे. मुक्काम आणि जेवण थळला. तिथे घरोघरी तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचे कालवण चांगले होते, आणि तो पैसा ज्यांच्या पूर्वजांनी बेटाला रसद पोहोचवली त्यांच्याच घरात जाईल.

होड्याही थळच्याच असाव्यात. तांडेलांची नोंद करा, होडीत माणसे किती घ्यायची ते ठरवा, प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट सक्तीचे करा, भाडे फलकावर लिहा. किनाऱ्यावरच्या कोणत्याही शिकलेल्या मुलाला आठवडाभर आपल्या खात्याच्या माणसांनी दीपगृह शिकवले तर तो उत्तम वाटाड्या होईल. त्याला खडक कुठे आहेत ते आधीच माहीत आहे, भिंग तेवढे समजावून द्यायचे आहे. बाहेरच्या ठेकेदाराला हे काम दिले तर पहिल्याच उधाणात तो आमच्याच तांडेलाला विचारायला येईल.

दिल्लीत राहून मला हे इतके लागते, याचे कारण सांगते. इथली मराठी मुले आईवडिलांबरोबर पानिपतला जातात, काला आंबचे स्मारक पाहतात, १७६१ ची हार समजून घेतात. ते पाहायलाच हवे. लाल किल्ल्यासमोर उभे राहिले की महादजी शिंद्यांची गोष्ट निघते. पण यामुळे त्यांच्या मनात मराठ्यांचा सगळा इतिहास घोड्यावरचाच राहतो. आपल्याला आरमार होते, आपण समुद्रावर इंग्रजांना अडवले होते, हे त्यांना पुस्तकातल्या एका परिच्छेदापलीकडे दिसत नाही. २०२२ साली नौदलाच्या नव्या निशाणावर शिवरायांच्या राजमुद्रेची प्रेरणा आली तेव्हा माझ्या शेजारच्या मुलाने विचारले, "काकू, पण महाराजांची जहाजं होती कुठे?" त्याला दाखवायची जागा खांदेरी आहे. दिल्लीहून राजधानीने मुंबई, गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग आणि थळ, इथपर्यंत वाट सरळ आहे. शेवटचा थळ ते खांदेरीचा तुकडा तेवढा बाकी आहे.

लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभे राहते आहे आणि त्यात दीपगृहाचे भव्य संग्रहालय होणार आहे, त्याचा खर्च आपले महासंचालनालय करणार आहे, हे वाचून आनंद झाला. ते व्हावेच. पण संग्रहालयातले दीपगृह जहाजासाठी लागत नाही. खांदेरीचे लागते, आणि त्याच्या पायाशी १६७९ चा तट आहे. त्या संग्रहालयाच्या खर्चापुढे खांदेरीला लागणारी रक्कम किरकोळ ठरेल. भरती-ओहोटी दोन्हीला सुरक्षित उतरता येईल असा पायऱ्यांचा धक्का, त्याला धरायला कठडा, दीपगृहात जायची ठरलेली वेळ, पिण्याचे पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि मराठीतला एक चांगला फलक. यातले काहीही अशक्य नाही.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात जातात आणि ऑक्टोबरपासून पाणी निवळते. तोवर धक्का बांधून होणार नाही, याची मला कल्पना आहे. पण वेळापत्रक ठरवणे, तांडेलांची नोंदणी आणि फलक, एवढे येत्या हंगामाआधी नक्की होऊ शकते. फलकाचा मराठी मजकूर लिहून देण्याची, आणि इतिहास जाणणाऱ्यांकडून तो तपासून घेण्याची जबाबदारी मी आणि नोएडातली आमची काही मंडळी घ्यायला तयार आहोत. आपण बोलावलेत तर दीप भवनात येऊन त्याचा कच्चा मसुदा आपल्यापुढे ठेवू.



आपली,
थळची एक माहेरवाशीण
नोएडा